नेमसिंग कप्तानाचा खो

नेमसिंग आडे पळायला लागला की नेरच्या जिनिंगमागच्या मैदानावर हमालसुद्धा पाठीवरचं कापसाचं बोरं उतरवून बघत उभे राहायचे. अंगानं सडपातळ, रंगानं सावळा, पाय लांब. नेरपासून कोसभरावर टेकडीखाली त्यांचा तांडा होता आणि नेमसिंगचे वडील, प्रेमसिंग, त्या तांड्याचे नायक होते. एके काळी या बंजारा लोकांचे बैल मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडत. ते दिवस प्रेमसिंगांच्या आजोबांबरोबरच संपले. आता तांड्यात कापसाची पऱ्हाटी होती, ज्वारी होती, आणि कापसाच्या दिवसांत बैलांच्या बंड्या जुंपून नेरच्या बाजाराला जाणं होतं. पण नायकाचा मान तसाच राहिला होता. भांडण मिटवायचं नायकानं, सोयरीक ठरवायची नायकानं, पुढं चालायचं नायकानं.

आपला यवतमाळ जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच दिवाळीत, म्हणजे छप्पन साली, नेरात खो-खोचा संघ उभा राहिला. निम्मे पोट्टे गावातले, निम्मे तांड्यातले. गावातल्या पोट्ट्यांचा म्होरक्या रहेमान. मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात तो काम करायचा. हाताला कायम ग्रीसचा वास, बोलणं मोजकं, पण जे बोलायचा ते तोंडावर. तांड्याकडून नेमसिंगबरोबर त्याचा चुलतभाऊ भावसिंग आला. भावसिंग जाडजूड, धावण्यात मागं. त्याला घेतलं ते नऊ गडी भरत नव्हते म्हणून, असं सगळेच धरून चालले होते, तो स्वतःही.

कप्तान कोण, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. सगळ्यांत वेगवान नेमसिंग, म्हणून कप्तान नेमसिंग.

पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी एका रांगेत, एकाआड एक तोंड फिरवून बसतात आणि नववा पळतो. पळणाऱ्याला मागं फिरता येत नाही, रांग ओलांडता येत नाही. समोरचा गडी पलीकडे निसटला की बसलेल्याच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचं आणि त्याच्या जागी आपण बसायचं. नेमसिंगला हे बसणंच नको असायचं. खो दिला की त्याच्या चेहऱ्यावर अशी कळा यायची, जणू कुणी घरातून बाहेर काढलं. म्हणून तो होता होईतो खो देत नसे. खांबाला वळसा घालून, सगळी रांग पार करून पुन्हा गडी गाठायचा. आसपासच्या खेड्यांच्या संघांपुढं हे खपून गेलं. लोक म्हणायचे, नेरचा संघ म्हणजे एक नेमसिंग.

सत्तावन्न सालच्या संक्रांतीला दारव्ह्याला सामने झाले, तिथं हे खपलं नाही. शेवटच्या डावात पुसदच्या संघाचा एकच गडी बाद करायचा राहिला होता. काटकुळा, वाऱ्यावर उडेल असा पोरगा. तो बसलेल्या गड्यांच्या मधून एकदा इकडं, एकदा तिकडं असा सुईदोऱ्यासारखा निघायचा. तो पलीकडे गेला की खो द्यायला हवा होता. नेमसिंग मात्र पुढच्या खांबापर्यंत धावत जायचा, वळायचा, आणि तोवर पोरगा परत अलीकडे. रहेमान आपल्या जागी उकिडवा बसून होता. त्याच्या हाताच्या अंतरावरून तो पोरगा तीनदा गेला. नेमसिंगही तीनदा रहेमानच्या पाठीमागून गेला. खो आला नाही. शिट्टी वाजली तेव्हा नेमसिंग गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत होता, आणि तो काटकुळा पोरगा आपल्या लोकांच्या खांद्यावर होता.

नेरच्या स्टँडवर उतरल्यावर नेमसिंग म्हणाला की आपण अजून जोरात पळायला हवं होतं. त्यावर रहेमान थांबला.

"पळाला तर तूच ना भाऊ," तो म्हणाला. "आमी आठ जन बसून पाहून राह्यलो. पाहाचंच होतं तं आमाले कायले नेलं? तिकीट काढून बाहेर बसलो असतो."

एवढं बोलून तो दुकानाकडं निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून गावातले पोट्टे मैदानावर आले नाहीत.

नेमसिंगला आधी राग आला. तांड्यात त्यानं सांगितलं की हे गावातले हरल्यावर पळणारे आहेत. प्रेमसिंगांना ते पटलं. त्यांना मुळात हा खेळच पटत नव्हता. नायकाच्या पोरानं मातीत रांगेत बसायचं आणि कुणीतरी पाठीत हात मारून उठवायचं, हे त्यांना कमीपणाचं वाटे. ते म्हणाले, नायकाच्या घरात जन्मलेला माणूस पुढं जातो, मागचे त्याच्या मागून येतात, न आले तर त्यांचं नशीब. नेमसिंग महिनाभर तांड्यातल्या पोरांना घेऊन मैदानावर जात राहिला. नऊ जण कधीच भरले नाहीत. सहा जणांचा खो-खो होत नाही. एका संध्याकाळी तर तो आणि भावसिंग असे दोघेच होते, आणि भावसिंग नेहमीप्रमाणं आपल्या जागी जाऊन बसला. रिकाम्या मैदानावर एकटाच तोंड फिरवून बसलेला तो जाड पोरगा पाहून नेमसिंगला पहिल्यांदा कसंतरी झालं. त्यानं विचारलं, तुला या बसण्याचा कंटाळा येत नाही का? भावसिंग म्हणाला, बसण्याचा नाही येत. कुणी उठवत नाही, त्याचा येतो.

दुसऱ्या दिवशी नेमसिंग रहेमानच्या दुकानात गेला. नायकाचा पोरगा दुकानाच्या दारात उभा राहून 'चाल खेळाले' म्हणतोय, हे नेरात नवीनच होतं. रहेमाननं हात पुसले, बराच वेळ पुसले. मग म्हणाला, "येतो. पन एक गोष्ट आहे. पावसाळा लागेपावतर तू बसशीन. पळनं आमी पाहू."

नेमसिंगनं मान हलवली. त्यानं ही अट मान्य केली ती संघ परत मिळावा म्हणून. त्यातून काही शिकायला मिळेल असं त्याच्या डोक्यातही नव्हतं.

पण बसल्यावर त्याला मैदान निराळंच दिसायला लागलं. पळताना त्याला फक्त पुढच्या गड्याची पाठ दिसायची. बसल्यावर त्या गड्याचं तोंड दिसू लागलं. तो दमलाय की नाटक करतोय, कुठल्या खांद्यानं वळणार आहे, डोळा कुठं आहे, हे सगळं बसलेल्याला आधी कळत होतं. आणि पाठीमागून धावत्या पावलांचा आवाज जवळ यायचा, अंग ताठ व्हायचं, मांड्या उसळी घ्यायला तयार व्हायच्या, आणि पावलं तशीच पुढं निघून जायची. तेव्हा छातीत जे व्हायचं ते त्याला ठाऊकच नव्हतं. अपमान म्हणावा तर कुणी काही बोललेलं नसे. पण त्या क्षणी आपण त्या मैदानात नाहीच असं वाटायचं. हे आपण आठ जणांना रोज करत होतो, हा विचार त्याला घरी गेल्यावरही सोडत नसे.

याच दिवसांत त्याला भावसिंग कळला. समोरचा गडी कुठं वळणार हे भावसिंगइतकं आधी कुणालाच कळत नव्हतं. पळण्यात मागं असलेल्या या माणसानं इतके दिवस बसून बसून माणसांची चालच पाठ केली होती. त्याला लांब पळवायचं नाही, गडी दोन पावलांवर असताना उठवायचं, एवढंच करायचं होतं. नेमसिंगनं ते रहेमानला सांगितलं. रहेमान म्हणाला, मला हे ठाऊक होतं. मग सांगितलं का नाहीस, असं नेमसिंगनं विचारलं. रहेमान म्हणाला, तू कधी विचारलं?

त्या दिवसापासून खेळ संपला की सगळे गोल बसायचे आणि कप्तान सगळ्यांत शेवटी बोलायचा. कुणाला कुणाचा खो उशिरा येतो, कोण कुठल्या जागी बसावा, कुणाच्या गुडघ्याला मार आहे, सगळं तिथं निघायचं. पहिल्या पहिल्यांदा भांडणंही झाली. एकदा तर रहेमान आणि भावसिंग आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत, पण खो देत राहिले. पावसाळ्यानंतर नेमसिंग पुन्हा पळू लागला तेव्हा तो वेगळाच गडी झाला होता. चार पावलं धावायचा आणि खो द्यायचा. दम असताना द्यायचा, दम संपल्यावर नव्हे. मग चटकन बसून, डोळे उघडे ठेवून, पुढच्या खोची वाट पाहायचा.

एकोणसाठ साली यवतमाळला मोठे सामने झाले. अंतिम सामन्यात समोर पुन्हा पुसद. तो काटकुळा पोरगा आता उंच झाला होता आणि त्यांचा कप्तान होता. नेरहून दोन ट्रक भरून लोक आले होते. नेमसिंगचं वर्षापूर्वी लग्न झालं होतं. त्याची बायको हंसाबाई तांड्यातल्या बायांना घेऊन एका ट्रकमध्ये उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू येत होता म्हणतात.

शेवटच्या डावाला तीन गडी बाद करायचे होते आणि वेळ थोडा होता. नेमसिंग उठला तसा पुसदवाल्यांचा डोळा त्याच्यावर लागला. त्यांनी दोन वर्षं याच माणसाला चुकवायचा सराव केला होता. तो धावणार, खांब घेणार, दमणार. नेमसिंग धावला आणि पाचव्या पावलाला रहेमानच्या पाठीवर हात पडला, "खो!" रहेमान उठला, तिसऱ्या पावलाला पुढचा खो. मग पुढचा. मैदानावर पळणारा माणूस दिसेनासा झाला. एक लाट रांगेतून इकडून तिकडं फिरत राहिली. पहिला गडी कुणाच्या हाताला लागला हे त्या गड्यालाही कळलं नाही. दुसरा खांबाजवळ अडकला. उरला तो उंच कप्तान. तो रांगेतून सुईदोऱ्यासारखा निघाला, अगदी पूर्वीसारखा. खो मिळून पुन्हा उठलेला नेमसिंग त्याच्या मागं होता, हात लांब केला असता तर कदाचित लागलाही असता. कदाचित. त्यानं हात लांब केला नाही. त्याला समोर भावसिंगची पाठ दिसली. त्यानं तिच्यावर हात ठेवला आणि खो म्हणाला.

भावसिंग उठला, दोन पावलं टाकली आणि पुसदचा कप्तान जिकडं वळणार होता तिकडं आपलं जडशीळ अंग झोकून दिलं. दोघंही मातीत पडले. भावसिंगचा हात त्याच्या खांद्यावर होता.

मग जे झालं ते नेरच्या म्हाताऱ्यांना अजून सांगता येतं. ट्रकमधल्या बाया खाली उतरून फेर धरून नाचल्या. कुणीतरी हलगी आणली. लोकांनी नेमसिंगला उचलायला धाव घेतली, तर तो रहेमानबरोबर मिळून भावसिंगला उचलत होता, आणि ते वजन दोघांच्यानं उचलवत नव्हतं. जिंकलेली ढाल घेऊन नेरात शिरताना रात्र व्हायला आली होती तरी बाजारपेठ उघडी होती.

घरी प्रेमसिंगांनी ढाल हातात घेऊन पाहिली. शेवटचा गडी कुणी मारला, असं विचारलं.

"भावसिंगनं."

"मंग तू काय केलं?"

"मी त्याले खो देल्ला."

प्रेमसिंगांनी ढाल खाली ठेवली आणि बैलांना चारा टाकायला निघून गेले. पोराचं काहीतरी चुकलंय, असंच त्यांना वाटत राहिलं.

त्यांना ते कळलं ते एकसष्ट सालच्या जानेवारीत. कापसाचा भर बाजार होता. चारी बाजूंनी भिंत, एकच फाटक, आत बंड्याच बंड्या. प्रेमसिंग आपली बंडी घेऊन पहाटेच आत पार कोपऱ्यापर्यंत गेले होते. नेमसिंग आणि हंसाबाई मागून दुसऱ्या बंडीबरोबर आले आणि फाटकाशीच थांबले. दुपारी कोपऱ्यातल्या कापसाच्या एका गंजीतून धूर निघाला. आग कशानं लागली ते पुढंही कधी कळलं नाही. कापसाला लागलेली आग आधी दिसत नाही, आतून सरकते, आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. ज्यानं त्यानं आपली बंडी फाटकाकडं ओढली. फाटकात दोन बंड्या एकमेकींत अडकल्या आणि मागं सगळा बाजार तुंबला. बैल उधळू लागले.

नेमसिंगचे पाय आतल्या कोपऱ्याकडं वळले होते. वडील तिथं होते. दोन पावलं गेला आणि थांबला. आत गेला असता तर तो एक बंडी घेऊन फाटकाशी आला असता आणि बाकीच्यांसारखाच अडकला असता. तो मागं फिरून फाटकाच्या दगडावर चढला आणि आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्यानं ओरडला. त्यानं नावं घेतली. रहेमानचं दुकान जवळच होतं. धूर पाहून रहेमान हत्यारं घेऊन आलाच होता. नेमसिंगनं त्याला फाटकाची दारं बिजागरीतून उतरवायला लावली. संघातले पोट्टे बाजारात इकडं तिकडं होते, त्यांना त्यानं कोपऱ्यापासून फाटकापर्यंत अंतराअंतरावर उभं केलं. भावसिंग सगळ्यांत आत, आगीपाशी. बंडी कुणाची हे विचारायचं नाही. भावसिंगनं बैलांना कासऱ्यानं धरून पुढच्याच्या हाती द्यायचं आणि मागं वळायचं, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. प्रत्येकानं आपला तुकडा सांभाळायचा, तो सोडून पळायचं नाही. काही शेतकरी आपलीच बंडी आधी काढा म्हणून अंगावर आले. नेमसिंगनं त्यांनाही एकेका जागी उभं केलं. हातात दुसऱ्याचे बैल आल्यावर माणसं भांडायची विसरली.

हंसाबाईनं सांगायची वाट पाहिली नाही. तिनं बायांना हौदाकडं नेलं. रिकामी बोरी पाण्यात बुडवून त्या हातोहात पुढं सरकवू लागल्या आणि न पेटलेल्या गंज्या झाकत गेल्या.

दारं उतरली, अडकलेल्या बंड्या मोकळ्या झाल्या आणि बाजार वाहू लागला. प्रेमसिंगांची बंडी आगीच्या अगदी तोंडाशी होती. भावसिंगनं तिचे बैल सोडवले, म्हाताऱ्याला त्यांच्याबरोबर पुढं ढकललं, आणि बंडी कापसासकट तिथंच सोडली. प्रेमसिंग एका हातातून दुसऱ्या हातात असे फाटकापर्यंत आले. तिथं त्यांचा पोरगा दगडावर उभा होता. त्यानं वडिलांकडं एकदा पाहिलं, ठीक आहेत एवढं बघितलं आणि पुढच्या बंडीला वाट करून देऊ लागला. म्हातारा बाजूला भिंतीशी बसला आणि शेवटची बंडी निघेपर्यंत पोराकडं पाहत राहिला.

संध्याकाळी आग विझली. कोपऱ्यातला कापूस गेला, काही बंड्या गेल्या. माणूस एक गेला नाही, बैल एक गेला नाही.

परत जाताना प्रेमसिंगांची बंडी नव्हती; दुसरी घेऊन हंसाबाई पुढं गेली होती. बापलेक बैलांना धरून चालत तांड्याकडं निघाले. वाटेत प्रेमसिंग बोलले. ते आपल्या आजोबांबद्दल बोलत होते. वाटेनं तांडा चालला की आजोबा पुढं असायचे, हे त्यांनी पोराला शंभरदा सांगितलं होतं. नदी आली की मात्र ते काठावर थांबायचे. पाण्यातला उतार दाखवायला चांगल्या पोहणाऱ्याला पुढं घालायचे आणि स्वतः पाण्यात पाय टाकायचे ते शेवटचा बैल पार झाल्यावर. हे आपण कधी सांगितलंच नाही, असं म्हातारा म्हणाला. आपल्याला त्यातलं पुढं चालणंच तेवढं आवडलं होतं.

तांड्यात पोचल्यावर नेमसिंगनं हंसाबाईला सांगितलं की आज ढाल मिळाली.

पुढच्या वर्षी गावाची, तांड्याची आणि नाल्यापलीकडच्या वाड्यांची मिळून असलेली ग्रामपंचायत निवडून आली आणि पंचांनी नेमसिंगला सरपंच केलं. त्या पंचायतीत तांड्याचा माणूस तोवर सरपंच झाला नव्हता. प्रेमसिंगांनी आपल्या हातानं त्याच्या डोक्याला पागोटं बांधलं. तांड्यात नगारा वाजला, आणि नेरहून रहेमान सगळा संघ घेऊन आला. पहिल्या सभेत पंच सवयीनं गप्प बसले, सरपंच काय ठरवतो ते ऐकायला. सरपंचही गप्प बसला. ही शांतता इतकी लांबली की शेवटी नाल्यापलीकडचा एक म्हातारा पंच वैतागून बोलला, पावसाळ्यात आमची पोरं शाळेत येऊ शकत नाहीत, त्याचं काय करता? तिथून सुरुवात झाली.

नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल बांधायचं ठरलं. सरकारातून सिमेंट मिळालं, बाकी अंगमेहनत. नेमसिंगनं प्रत्येक वाडीला तिचं काम तिलाच निवडू दिलं आणि एका वाडीचं काम दुसऱ्या वाडीच्या कामाला असं जोडून दिलं की एकानं टाळलं तर दुसऱ्याचे हात रिकामे राहावेत. कुणी टाळलं नाही असं नाही. एक वाडी पंधरा दिवस रुसून बसली होती. तिची समजूत घालायला नेमसिंग स्वतः गेला नाही. त्यानं भावसिंगला पाठवलं, कारण भावसिंगची तिथं सोयरीक होती. भावसिंग जेवून आला आणि दुसऱ्या दिवशी ती वाडी कामावर आली.

चौसष्ट सालच्या थंडीत रपट्याचा शेवटचा थर पडत होता. त्याच आठवड्यात यवतमाळला पुन्हा सामने होते. नेमसिंग गेला नव्हता. कप्तानपण त्यानं रहेमानला देऊन टाकलं होतं आणि पळायला नवे पोट्टे आले होते. लोकांनी खूप आग्रह केला, पण सिमेंट भिजवलेलं होतं. दुपारी यवतमाळकडून येणारी बस नाल्याच्या अलीकडे सडकेवर थांबली. कंडक्टर पायरीवर उभा राहून हात हलवत ओरडला की नेरनं ढाल मारली, एक डाव राखून.

नेमसिंगनं हातातलं घमेलं बाजूच्या माणसाला दिलं आणि सडकेवर धावत गेला. कोण कोण खेळलं, शेवटचा गडी कुणाच्या हाताला लागला, सगळं त्यानं विचारून घेतलं. कंडक्टरनं घेतलेली दोन नावं तर त्याला ओळखीचीही नव्हती. तोवर हंसाबाई कामावरच्यांसाठी आणलेली गुळाची ढेप घेऊन बसपाशी पोचली होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. सरपंचानं बसमध्ये चढून पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत एकेकाच्या हातावर गूळ ठेवला, आणि कामावरचे सगळे हातातलं टाकून सडकेवर नाचायला आले.